नाव ठेवा, पण स्वतःचं!

आपल्या मराठीत एक गंमत आहे बघा. ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे टीका. एका टिंबाचा काय तो फरक! घरातून व्यवसाय सुरू करणाऱ्या बाईला मात्र या दोन्हींना एकदमच तोंड द्यावं लागतं. तिने व्यवसायाचं नाव ठेवलं रे ठेवलं, की आजूबाजूचे तिला नावं ठेवायला मोकळे. “घरात काय कमी होतं म्हणून हे डबे सुरू केले?” इथपासून सुरुवात होते.

तरी बायका थांबत नाहीत, हे विशेष. जळगावात महाबळ, गणेश कॉलनी, पिंप्राळा भागात फिरा, नाहीतर धुळ्यात देवपूर किंवा साक्री रोडला चक्कर मारा. चार घरं सोडून एक तरी फलक दिसतोच. ‘पोळी-भाजी मिळेल’, ‘पिको-फॉल करून मिळेल’, ‘बिबडे, कुरडया, शेवया ऑर्डरप्रमाणे’. हे झाले जुने उद्योग. आता त्यात नव्या सेवांची भर पडली आहे. दिवाळीआधी स्वयंपाकघराचा चिकटा काढून देणं, पाण्याची टाकी धुऊन देणं, घरी येऊन पार्लर, बाळ-बाळंतिणीची मालिश, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांजवळ दिवसभर बसणं. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, सुना नोकरीवर. त्यामुळे ही कामं पैसे देऊन करून घेणारी घरं आपल्याकडेही वाढली आहेत.

आणि मग प्रश्न येतो, “ताई, एखादं छानसं नाव सुचवा ना!” मैत्रिणींनो, नाव सुचवणं सोपं आहे. पण त्याआधी दोन-चार गोष्टींचा विचार करायला हवा. गॅस, शेगडी, मशीन आपण दहा दुकानं फिरून घेतो आणि नाव मात्र फलक रंगवणारा समोर येऊन उभा राहिला की घाईघाईत ठरवतो. मशीन बिघडलं तर बदलता येतं. नाव गावात एकदा रुळलं की ते बदलणं फार महाग पडतं.

आधी तोंडाने बोलून बघा

आपल्या सेवांची जाहिरात होते ती तोंडातोंडी. भिशीत, हळदीकुंकवाला, भाजीबाजारात एक दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. म्हणून नाव कागदावर कसं दिसतं यापेक्षा ते कानाला कसं लागतं हे महत्त्वाचं.

देवपुरातल्या तिघी मैत्रिणींचा किस्सा सांगते. घरसफाईची सेवा सुरू करायचं त्यांनी ठरवलं. एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने नाव आणलं, ‘स्पार्कलिंग सोल्युशन्स’. छापायला एकदम झोकात! मी म्हटलं, “आधी तुझ्या सासूबाईंना सांगून बघ.” सासूबाईंनी ते दोनदा ऐकून घेतलं आणि विचारलं, “हाई काय नाव शे व माय? लाइटनं दुकान शे का?” सगळ्या हसल्या, पण मुद्दा लक्षात आला. ज्यांच्या घरची सफाई करायची, त्यांच्यातही अशाच सासूबाई असणार ना! शेवटी ‘लख्ख घरसफाई’ हे नाव ठरलं. पहिला शब्द लक्षात राहणारा, दुसरा शब्द काम सांगणारा.

ही जोडी मला फार उपयोगाची वाटते. नुसतं ‘तेजस्विनी’ म्हटलं तर लोक विचारतात, हे काय आहे? महिला मंडळ, शिकवणी की साडी सेंटर? नुसतं ‘पोळी-भाजी केंद्र’ म्हटलं तर काम कळतं, पण कोणतं केंद्र ते कळत नाही. एक शब्द आपल्या ओळखीचा आणि एक कामाचा, असं जमलं की सांगणारीलाही सोपं आणि ऐकणारीलाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही बरं का. घरी येऊन पार्लर, सफाई, दुरुस्ती अशा सेवा देणारी ‘अर्बनक्लॅप’ ही कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली. पाच-सहा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, तिने नाव बदलून ‘अर्बन कंपनी’ केलं. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा होता, त्यांनी नवं नाव लोकांच्या मनात ठसवलं. आपल्याला मात्र फलक, पावतीपुस्तक, स्टिकर पुन्हा छापायचे म्हटले तरी महिन्याची कमाई जाते.

नाव सोनूबाई नको

‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या सोन्याच्या जळगावात तर अधिकच शोभते! नावाने जे कबूल केलं ते हाताने देता आलं पाहिजे. ‘शुद्ध तुपातले’ असं नावातच लिहिलं, तर एका लाडवात जरी डालडा निघाला तरी सगळं नाव गेलं.

आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या बायकांनी तर विशेष जपावं. ‘नर्सिंग सर्व्हिस’ हा शब्द वजनदार वाटतो. पण परिचारिका म्हणून काम करायला रीतसर शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. आपण अंघोळ घालतो, जेवू घालतो, वेळेवर गोळ्यांची आठवण करतो, सोबत बसतो. हे काम अजिबात कमी नाही. मग ‘सोबत’, ‘आधार’, ‘रुग्णसेवा मदत’ असं खरं ते नाव ठेवावं. खोटं नाव ठेवून सलाइन लावायची वेळ आली, तर काय करणार?

किती अन्नपूर्णा?

डब्यांच्या व्यवसायाचं नाव विचारलं की दहापैकी पाच जणी ‘अन्नपूर्णा’ म्हणतात. नाव सुंदरच आहे. मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांची संघटना उभी केली, तेव्हा तिचं नाव ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ असंच ठेवलं होतं. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या त्या बायकांना त्यातून बँकेचं कर्ज मिळालं. घरोघरी चूल फुंकणाऱ्यांना त्या नावाने मान मिळाला. पण आज गावोगावी इतक्या अन्नपूर्णा झाल्या आहेत, की एकीचा डबा खारट झाला की बोल दुसरीला लागतो.

देवादिकांच्या नावांची आणखी एक अडचण आहे. ती सगळ्यांची असतात, म्हणून कुणा एकीची होत नाहीत. ‘रामायण’ या नावाच्या अगरबत्तीवरून एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाला मालकी सांगता येणार नाही, असा निकाल २०१५ मध्ये लागला. देवाचं नाव जरूर घ्या, पण ते एकटं नको. त्याला आपला एखादा वेगळा शब्द जोडा.

आणि वेगळे शब्द शोधायला लांब कशाला जायचं? आपलं खान्देश काय कमी श्रीमंत आहे? तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्या आहेत. आखाजीची गौराई आहे, श्रावणातली कानबाई आहे. खापर आहे, झोका आहे, कळण्याची भाकरी आहे. ‘खापर मांडे’ म्हटलं की पुण्यात राहणाऱ्या जळगावकराच्याही तोंडाला पाणी सुटतं! ‘मायनी चव’ हे अहिराणी नाव धुळ्यात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मात्र माल नाशिक-मुंबईला पाठवायचा बेत असेल, तर खाली बारीक अक्षरात ‘खान्देशी घरगुती पदार्थ’ असं लिहायला हवं. आपलं गिऱ्हाईक कुठलं, त्यावर हे ठरतं.

नाव ठरवायची सगळ्यात छान पद्धत मला ‘लिज्जत’च्या बायकांची वाटते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ हे नाव काही पहिल्या दिवशी नव्हतं. ते ठरलं १९६२ मध्ये. त्यासाठी बायकांनी चक्क स्पर्धा ठेवली, बक्षीस पाच रुपये! धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं ‘लिज्जत’ पसंत पडलं. अर्थ अगदी साधा, चव. त्या नावापुढे ना कुणाचं आडनाव, ना कुणा शेठजीचं नाव. आधी तीन वर्षं काम, मग नाव. म्हणून नाव सुचत नसेल तर घाबरू नका. गिऱ्हाइकं तुमच्या कामाला काय म्हणतात ते ऐका, त्यातूनच एखादा शब्द सापडेल.

विकायचं ते काम, बाई नव्हे

काही फलक वाचून मला कसंतरीच होतं. ‘येथे कामवाल्या बायका मिळतील’, ‘भांडेवाली पाहिजे? फोन करा’. जणू काही वस्तूच! घरकामाची सेवा सुरू करणाऱ्या ताईंनी एवढं पाहावं, की नावात काम असावं आणि काम करणारीचा मानही असावा.

आपल्या राज्याचा कायदासुद्धा मोलकरीण हा शब्द वापरत नाही. २००८ च्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ असं म्हटलं आहे आणि त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन करण्याची तरतूद केली आहे. पुण्याचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये संघटना बांधली, तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. रोज हाताळतो तेच नावात आणि पुढे ‘कष्टकरी’. पुढे २००७-०८ च्या सुमारास त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली, तिचं नाव ‘स्वच्छ’. ज्या बाईला लोक ‘कचरेवाली’ म्हणून हाक मारायचे, तिच्या गणवेशावर ‘स्वच्छ’ हा शब्द आला. नुसत्या शब्दाने पगार वाढत नाही, हे मान्य. पण दारात उभ्या असलेल्या बाईला कुठल्या नावाने हाक मारायची हे समोरच्याला शिकवता येतं, आणि ती सुरुवात आपल्या फलकावरून होते.

आता मुख्य प्रश्न, नाव कोणाचं?

आतापर्यंत मी शब्दांविषयी बोलले. पण माझ्या मते खरी गोम पुढे आहे. व्यवसाय बाईचा आणि फलकावर नाव नवऱ्याचं, दिराचं, नाहीतर मुलाचं, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. प्रेमाने मुलांचं नाव देण्यात गैर काहीच नाही. ‘निरमा’ पावडरचं नाव करसनभाई पटेलांनी आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून ठेवलं होतं. प्रश्न आहे तो कागदाचा.

जळगावच्या माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी बारा वर्षं वाळवणाचा व्यवसाय केला. उन्हाळ्यात पहाटे चारला उठून ज्वारीचं पीठ शिजवायचं, गच्चीवर बिबडे घालायचे. हात त्यांचे, चव त्यांची. नाव मात्र धाकट्या दिरांचं, कारण “पुरुषाचं नाव असलं की बरं असतं.” नोंदणी दिरांची, बँकेतलं खातं त्यांचं, फोन नंबरही त्यांचाच. पुढे वहिनींचे मिस्टर गेले आणि घराच्या वाटण्या झाल्या. भांडी वाटली, गच्ची वाटली. नाव वाटता येईना, ते कागदावर ज्यांचं त्यांच्याकडेच राहिलं. जुनी गिऱ्हाइकं फोन करायची ती त्याच नंबरवर. वहिनी चैत्रात बिबड्यांची लहान-लहान पाकिटं घेऊन घरोघरी फिरल्या, “हे मी करते, चव घेऊन बघा” म्हणत. पुन्हा जम बसायला त्यांना तीन उन्हाळे लागले. आज पाकिटावर त्यांचं स्वतःचं नाव आहे.

बाईच्या कामावर बाईचं नाव लागायला वेळ लागतो, हे जळगावकरांना सांगायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी रचत राहिल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या नावाचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तेही २०१८ पासून. आपण काही बहिणाबाई नाही, पण आपल्या हयातीत आपल्या पापडावर आपलं नाव असावं एवढी अपेक्षा करायला काय हरकत आहे? पर्यटन व्यवसायात वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये नवी कंपनी काढली, तेव्हा ‘वीणा वर्ल्ड’ असं आपलंच नाव दिलं. लोकांनी ते स्वीकारलंच ना!

अर्थात स्वतःचं नाव लावण्यातही काही अडचणी आहेत. फलकावर बाईचं नाव आणि खाली मोबाइल नंबर दिसला, की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात. त्यासाठी व्यवसायाचं सिमकार्ड वेगळं ठेवा आणि वेळ संपली की फोन बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपचं व्यवसायासाठीचं वेगळं अ‍ॅप मोफत मिळतं. त्यात तुमच्या नावाऐवजी व्यवसायाचं नाव, कामाची वेळ आणि पदार्थांची यादी टाकता येते.

आणखी एक, आडनाव. आपल्याकडे ‘पाटील टिफिन’ म्हटलं तर कोणते पाटील? अर्धा खान्देश पाटील! शिवाय आडनाव वाचून डबा घ्यायचा की नाही हे ठरवणारी माणसंही अजून आहेत, हे कडू असलं तरी खरं आहे. म्हणून पहिलं नाव किंवा आपण निवडलेला शब्द लावावा, आडनावाची गरज नाही. नाव फलकावर असो वा नसो, कागदावर मात्र ते तुमचंच हवं.

फलक रंगवण्याआधी

आता थोडं कागदोपत्री. कंटाळा करू नका, एका दुपारचं काम आहे.

ठरवलेलं नाव आधी गावात आणि इंटरनेटवर शोधा. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते कुणी नोंदवलं आहे का, हे फुकट बघता येतं. प्रसिद्ध नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून वापरू नका, नोटीस आली की धावपळ होते. स्वतःचं नाव नोंदवायचं असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क ठरलेलं आहे. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. पहिल्याच महिन्यात हा खर्च करायची गरज नाही. पण पाकिटं परगावी जायला लागली की विचार करा.

१९५० च्या एका कायद्याप्रमाणे छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं किंवा सरकारी नाव-चिन्हं व्यवसायासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. आदर मनात असू द्या, फलकावर नको. दुकान किंवा केंद्र म्हणून फलक लावणार असाल तर तो मराठीत, देवनागरीत हवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार किती आहेत याला महत्त्व नाही, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे, सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे आणि आधार क्रमांकावर होते. कुणी त्यासाठी ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. खाण्याचे पदार्थ करत असाल तर, घरून करत असला तरी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. व्यवसायाच्या नावाने बँकेत खातं उघडताना हे कागद उपयोगी पडतात. सगळीकडे नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकसारखं ठेवा. ‘लक्ष्मी’ एका कागदावर एक्सने आणि दुसऱ्यावर के-एसने लिहिलं, की बँकेत हेलपाटे सुरू!

दोघी-तिघी मिळून काम करत असाल तर एका वहीत लिहून ठेवा. नाव कुणी सुचवलं, ते कुणाच्या नावावर नोंदवलं आणि एखादी बाहेर पडली तर नाव कुणाकडे राहील. आज हे बोलायला अवघड वाटेल. “आमच्यात असं काही होणारच नाही” असंही वाटेल. न होवो! पण मैत्री घट्ट असते तेव्हाच या गोष्टी गोडीत लिहून होतात. देवपुरातल्या त्या तिघींनी पहिल्या कामाच्या आधी हे लिहिलं, तिघींनी सह्या केल्या आणि मगच झाडू-बादल्या विकत आणल्या.

तर या महिन्याच्या भिशीत तुम्हीही लिज्जतसारखी स्पर्धा ठेवून बघा. बक्षीस पाच रुपयांचं नको, एखादं ब्लाऊजपीस ठेवा. चिठ्ठ्यांवर पाच-सहा नावं लिहा, मोठ्याने वाचा, घरातल्या आजींना आणि शाळेतल्या पोरांना म्हणायला सांगा. ज्या नावावर दोघंही अडखळणार नाहीत ते बाजूला काढा. मग नोंदणीच्या अर्जावर ‘मालकाचे नाव’ या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहा. त्यानंतर कुणी नावं ठेवली तर ठेवू द्यात. तुमचा डबा वेळेवर पोचला पाहिजे, एवढं बघा!